गावचा गणपती आणि पुण्याचं पथक: रजा, तारखा आणि घरी करायचा फोन

पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींचा दरवर्षीचा पेच ठरलेला आहे. ऑगस्ट लागला की गावाहून आईचा फोन, "कधी निघतोयस?" आणि त्याच आठवड्यात पथकाच्या ग्रुपवर विचारणा, "पहिल्या दिवसाला कोण कोण आहे?" दोन्हीकडे "बघतो" सांगितलं जातं, दोन्हीकडे ते "हो" म्हणून धरलं जातं. मग चतुर्थी चार दिवसांवर आली की कुणाला तरी तोंड लपवत नाही सांगावं लागतं. आईवडील जुनाट किंवा मित्र उनाड, असं यात क्वचितच असतं. बहुतेक वेळा घोळ फक्त उशिरा सांगण्याचा असतो, आणि तो जुलैतच मिटवता येतो.

आधी कॅलेंडर नीट बघा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. गौरी नक्षत्रावर येतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. त्यामुळे गौरी-गणपती कधी पाच दिवसांचा होतो, कधी सहा किंवा सात. कोकणातल्या बहुतेक घरी दीड दिवसांनी नाहीतर गौरींबरोबर विसर्जन होतं. पुण्याची मोठी मिरवणूक मात्र चतुर्दशीची. म्हणजे शेवटच्या दिवसावरून भांडण व्हायचं फारसं कारणच नाही. तोपर्यंत घरचा गणपती पाण्यात गेलेला असतो. घरी अकरा किंवा एकवीस दिवसांचा गणपती असेल तर गोष्ट वेगळी. खरी टक्कर होते ती पहिल्या दिवशी. त्या दिवशी पुण्यात मंडळांच्या आगमन मिरवणुका आणि त्याच सकाळी गावात प्रतिष्ठापना. या एका दिवसाचा निकाल लावला की बाकी सगळं रजेच्या हिशोबावर येतं.

रजेचा हिशोब असा. १२ आणि १३ शनिवार-रविवार, सोमवार सुट्टीचा. मंगळवार ते शुक्रवार चार रजा टाकल्या तर पुढचा शनिवार-रविवार धरून सलग नऊ दिवस गावात मिळतात. २५ ची पाचवी रजा मिरवणुकीसाठी. पुण्याची विसर्जन मिरवणूक अलीकडे चोवीस तासांच्या पुढेच जाते, त्यामुळे शुक्रवारी सकाळी सुरू झालेलं प्रकरण शनिवारी दुपारपर्यंत चालेल असं धरा. पुढे रविवार आहे, यंदा तेवढं नशीब चांगलं. ज्यांच्याकडे पाच रजा नाहीत त्यांनी मधले दोन दिवस सोडावेत, टोकाचे सोडू नयेत. घरच्यांना येण्याचा आणि विसर्जनाचा दिवस लक्षात राहतो. बुधवारी कोण होतं हे दिवाळीत कुणी विचारत नाही.

आता घराची बाजू. "गणपतीला यायलाच पाहिजे" या वाक्यात चार-पाच वेगळी कामं भरलेली असतात, आणि ती सुटी केल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. पूजेला कोण बसणार? चित्रशाळेतून मूर्ती कोण आणणार? माटवी (गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट) कोण बांधणार? स्टुलावर चढून दिव्यांच्या माळा, भिंतीचा रंग, सामानाच्या खेपा, वाडीतली माणसं आरतीला आली की चहा, हे कोण बघणार? वडील साठीच्या पुढचे असतील तर मूर्ती उचलणं आणि माटवी बांधणं ही दोन कामं त्यांनी एकट्याने करू नयेत. मूर्ती शाडूची असेल तर विशेषच, कारण शाडूची मूर्ती तेवढ्याच उंचीच्या पीओपीपेक्षा बरीच जड असते आणि पावसात पायवाटेवरून न्यायची असते. पण हे काम वाटून देता येतं. चुलतभावाला आठ दिवस आधी फोन करून "मूर्तीला तू जा" असं ठरवून घेणं आणि आयत्या वेळी शेजाऱ्याच्या मुलाला हाक मारणं यात फरक आहे; दुसरं झालं की वडिलांना कमीपणा वाटतो आणि त्याचा राग तुमच्या पथकावर निघतो.

सगळ्यात आधी विचारायचं ते पाळीचं. सामाईक गणपती असलेल्या घरांत भावाभावांत वर्षाची पाळी असते. यंदा पाळी तुमच्या वडिलांची असेल तर हा लेख इथेच मिटवा आणि पथकाला पहिल्या दिवसाचं नाही सांगून टाका. पाळीच्या वर्षी यजमानाचा मुलगा पुण्यात ढोल वाजवतोय हे भावकीत वर्षभर बोललं जातं आणि ते ऐकायला तुम्ही तिथे नसता, आईवडील असतात. पाळी काकांची असेल तर तुमच्या हातात पुष्कळ मोकळीक आहे. तशीच गोष्ट लग्नानंतरच्या पहिल्या ओवशाची, म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे सूप ओवाळण्याची. बायकोचा किंवा बहिणीचा पहिला ओवसा असेल तर गौरींचे दिवस कुणालाही देऊ नका.

मुलींच्या बाबतीत अजून एक भानगड असते. मुलाला "ये" म्हणतात, मुलीला बऱ्याच घरांत आधी "रात्रीची मिरवणूक कशाला?" हा प्रश्न येतो. तिथे तारखांची चर्चा करून उपयोग नाही. पथकात मुली किती आहेत, रात्री घरी कुणाबरोबर आणि कशाने परतणार, पथकप्रमुखाचा नंबर कुणाकडे असेल, एवढ्या तीन गोष्टी आधी सांगितल्या तर फोन लवकर संपतो.

पथकाची बाजूही तेवढीच नीट बघायला हवी, कारण तिथे "माझ्यावाचून अडेल" हे बऱ्याचदा मनाचे मांडे असतात. साठ ढोलांच्या पथकात एक ढोलवादक नसला तर रांग सरकवून घेतात. तसंही लांबच्या मिरवणुकीत एका ढोलामागे बदलीला माणूस लागतोच. ताशाचं तसं नाही. ताशे मोजके असतात, लय तेच धरतात, आणि हात (वाजवण्याचा ठेका) बदलायचा इशारा त्यांच्याकडून येतो. पुढचा ताशेवाला ऐनवेळी गळाला तर मागच्या साठ जणांचा ठोका फाटतो. त्यामुळे पहिल्या दिवशी गावाला जाणार हे माहीत असेल तर त्या मिरवणुकीसाठी ताशाची पुढची जागा घेऊच नका. घेतली असेल तर बदली माणूस तुम्ही शोधायचा, आणि त्याने किमान शेवटचे दोन आठवडे त्याच जागेवर उभं राहून सराव करायचा. नुसतं नाव सुचवून मोकळं होणं ही पळवाट झाली. ध्वज, टोल (ठोक्याचं धातूचं वाद्य), पाण्याची गाडी, रस्सी धरणं ही कामं त्या मानाने सहज वाटली जातात.

पथकाला सांगायची योग्य वेळ म्हणजे वाद्यपूजन, जेव्हा सराव सुरू होतो. तेव्हा सांगा: "सराव पूर्ण करणार, पहिल्या दिवशी नाही, चतुर्दशीला शेवटपर्यंत आहे." मग ते पाळा. बऱ्याच पथकांत विसर्जनाच्या यादीत नाव येणं सरावाच्या हजेरीवर ठरतं, आणि गावाला जाणाऱ्याची हजेरी गणपतीतल्या आठवड्यात बुडणारच. ती आधीच भरून ठेवायची. ऑगस्टमधले दोन-तीन सराव "ऑफिसात अडकलो" म्हणून टाळलेत आणि वर गावची रजा मागितलीत, तर यादीतून नाव गेल्यावर कुरकुर करायला जागा उरत नाही.

फोन कसा करायचा, हे जरा सविस्तर, कारण बिघडतं ते इथेच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात करा, रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका; तिथे आत्या आणि मामा मत देतात आणि मग बाबांना माघार घेता येत नाही. फक्त आईला सांगून "बाबांना तू सांग" असंही करू नका. तिला दोन्हीकडून ऐकावं लागतं आणि निरोप पोचेपर्यंत त्याचा सूर बदलतो. दोघांना एकत्र स्पीकरवर घ्या. पहिलं वाक्य काय देणार आहात त्याचं, दुसरं काय देता येणार नाही त्याचं:

"बाबा, मी बारा तारखेला सकाळी घरी पोचतो, गौरी-विसर्जन करूनच निघतो. माटवी आणि मूर्ती माझ्याकडे. पंचवीसला पथकाची मिरवणूक आहे, तेव्हा पुण्यात लागेन."

किंवा, पहिला दिवस पथकाला दिला असेल तर:

"आई, यंदा चतुर्थीला मी नाही. आधीच्या शनिवारी येऊन रंग आणि लाईटचं करून जातो, मूर्तीला दादा जाईल, त्याच्याशी बोललोय. मंगळवारी सकाळी पोचेन ते गौरी जाईपर्यंत आहे."

दुसऱ्या बोलण्यावर गप्प बसतील. बसू द्या. लगेच "बरं, बघतो काय जमतंय" म्हणालात की ठरलेलं सगळं पुन्हा मोकळं झालं. "मित्र महत्त्वाचे का आम्ही?" हा प्रश्न आलाच तर त्याचं उत्तर देत बसू नका, पुन्हा तारीख सांगा आणि घरचं कुठलं काम राहतंय ते विचारा. आणि खोटं बोलू नका. "ऑफिसने रजा दिली नाही" हे सगळ्यात सोपं खोटं आणि सगळ्यात लवकर उघडं पडणारं. लक्ष्मी रोडवर फेटा बांधलेला तुमचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत मावशीच्या स्टेटसला असतो. त्यानंतर खरंच रजा नाकारली गेली तरी दोन वर्षं कुणी विश्वास ठेवत नाही.

फोन झाला की त्याच महिन्यात तिकीट, नाहीतर शब्दाला अर्थ नाही. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होते), सकाळी ८ वाजता. १२ सप्टेंबरच्या गाडीसाठी ती तारीख १४ जुलै. कोकणकन्या, तुतारी, मांडवी यांची गणपतीतली तिकिटं काही मिनिटांत वेटिंगवर जातात, म्हणून परतीचंही त्याच्या ६० व्या दिवशी काढा. गणपती विशेष गाड्यांच्या तारखा वेगळ्या जाहीर होतात, त्यांवर नजर ठेवा. तत्काळ आदल्या दिवशी एसीला १० वाजता, बिगर-एसीला ११ वाजता. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेला नसेल तर तेव्हा धावपळ करून काही होत नाही. पुण्याहून थेट कोकणात जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, बहुतेकांना रेल्वेसाठी पनवेल गाठावं लागतं, त्यामुळे बरेच जण रस्त्यानेच जातात: माणगाव-महाडला ताम्हिणी, चिपळूणला कऱ्हाडवरून कुंभार्ली, रत्नागिरीला आंबा, सावंतवाडीला आंबोली. वरंधा पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, भरवसा ठेवू नका. आणि पहिल्या दिवशी रात्रीपर्यंत वाजवून त्याच रात्री स्वतः गाडी चालवत घाट उतरू नका. सहा-सात तास ढोल कमरेला बांधलेला माणूस पहाटे तीनला वळणावर जागा राहत नाही. एसटीची सीट काढा आणि झोपून जा.

मित्रांना गावी नेणं हा उपाय खूप जण सुचवतात. चालतो, पण दिवस बघून. चतुर्थीला घरात वीस माणसं, स्वयंपाकघरात सोवळं, झोपायला पडवीसुद्धा भरलेली. त्या दिवशी तिघा मित्रांना घेऊन उतरलात तर आई हसून स्वागत करेल आणि रात्री तुमच्या नावाने बोटं मोडेल. काही घरांत गौरींना तिखटाचा नैवेद्य असतो, तो दिवस उत्तम. आईला दोन दिवस आधी आकडा सांगा, तांदूळ आणि मटण तुम्ही आणा, मित्रांना भांडी घासायला लावा. पुढच्या वर्षी "पथकातली पोरं" हा शब्द घरात जरा वेगळ्या सुरात निघतो.

पैसे पाठवून सुटका होत नाही, हेही खरं. मखराचे पाच हजार पाठवले आणि आलाच नाहीत तर ते पैसे टोमण्यातच जमा होतात. पैसे खर्च करायचेच असतील तर वायरमन आणि रंगारी तुम्ही ठरवा, त्यांच्याशी तुम्ही बोला आणि हिशोबही तुम्हीच चुकता करा. वडिलांना फक्त काम झालेलं दिसलं पाहिजे.

२०२७ ची चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे. त्या वर्षी पाळी कुणाची, हे यंदा गौरी-विसर्जन करून निघण्याआधीच काकांना विचारून ठेवा.