सदाफुलीची पाटी

शाळेच्या मागच्या आवारात, पाण्याच्या टाकीला लागून, आमची वनौषधींची बाग होती. सोलापूरचं ऊन आणि चार-चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी. अशा गावात बाग म्हणजे हट्टच, आणि तो आमच्या विज्ञानाच्या सरांनी धरला होता. शाळा सुटताना वॉटरबॅगेत उरलेलं पाणी वाफ्यात ओतूनच घरी जायचं. अडुळसा, कोरफड, अश्वगंधा तेवढ्यावर तगायची. सर्पगंधेला मात्र चिंचेची सावली आणि उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाचा आडोसा लागे.

प्रत्येक झाडापुढे पत्र्याची पाटी असे. पुढे नाव, मागे त्याचा वैद्यकातला इतिहास. तो आम्ही शोधून आणायचा. सर्पगंधेच्या पाटीमागे लिहिलं होतं : मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील, १९४९, उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास. 'लोक म्हणतात' असं लिहून नेलं की सर कागद परत द्यायचे. "कुणी पाहिलं, कधी पाहिलं, ते आण."

आठवीत सदाफुली माझ्या वाट्याला आली. त्याच सुमारास आजीला साखर निघाली. गल्लीत कुणीसं म्हणालं, सदाफुलीची पानं अनशापोटी चावा. मी बागेतली पानं खुडून तीन दिवस आजीच्या हातावर ठेवली. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांकडे न्यावं लागलं. ती सावरली, पण मी सरांपुढे उभी राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. सर रागावले नाहीत. संध्याकाळी सायकलवरून घरी आले, आजीच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, "आजी, चूक माझी. पोरीला झाडाची ओळख करून दिली, त्याचा धाक सांगायचा राहिला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पाटीमागे लिहिलं. सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा पीत, म्हणून १९५२ साली तिथून थोडी पानं कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, इतक्या की उंदीर जंतुसंसर्गाने मेले. रक्ताच्या कॅन्सरमध्ये याच पेशी बेसुमार वाढतात! नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ मध्ये सदाफुलीतलं व्हिन्ब्लास्टिन हे कॅन्सरवरचं द्रव्य वेगळं केल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन हे दुसरं औषध आलं.

आज मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात परिचारिका आहे. व्हिन्क्रिस्टिनची कुपी बोटाच्या पेराएवढी, फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेली. त्यावर बजावलेलं असतं : फक्त शिरेतून. चुकून मणक्यात टोचलं तर जीव जातो. म्हणून आम्ही दोघीजणी ते लेबल मोठ्याने वाचतो, मगच सुई हातात घेतो. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पत्र्याची पाटीच येते.

परवा सहा वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "सिस्टर, हे कशाचं औषध?"

"सदाफुलीचं."

"आमच्या दारात आहे की!" तिचा चेहरा उजळला.

मी आधी तिच्या आईला बाजूला घेतलं. म्हटलं, "ताई, दारची पानं हिला देऊ नका हं." आणि मग खाटेवर बसून त्या पोरीला पंचवीस पानांची, जमैकातून कॅनडात गेलेल्या पाकिटाची गोष्ट सांगितली.