एका खुर्चीचे घर

त्या घरात खुर्ची एकच होती आणि मी तिथे राहिलो ते पाचही आठवडे ती माझ्याच वाट्याला आली. ग्वातेमालातील आल्ता वेरापास प्रांतात, कोबान शहरापासून काही तासांच्या वाटेवर असलेल्या केक्ची माया लोकांच्या एका वस्तीत शाळेच्या पत्र्यावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी टाक्यांत साठवण्याचे काम चालले होते आणि त्यासाठी मी स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. तिथे ‘चिपी-चिपी’ नावाची रिमझिम दिवसेंदिवस लागून राहते, तरीही चुनखडीची जमीन पडलेले पाणी पोटात घेते आणि कोरड्या महिन्यांत बायकांना घागरी घेऊन लांब जावे लागते. चार महिने पाऊस झेलून चैत्रात टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

घरच्या आजींना सगळे ‘काना’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘आमची आई’. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारले, “मा सा ला चोल?” शाळेतल्या शिक्षकांनी अर्थ सांगितला: तुझे काळीज आनंदात आहे ना? केक्ची भाषेत नमस्काराच्या जागी हेच विचारतात. आपल्या ‘काय, बरं आहे ना?’ या प्रश्नातून ‘हो हो’ म्हणून सुटता येते. काळजाची चौकशी झाल्यावर मात्र मला उत्तरासाठी क्षणभर थांबावे लागले.

चुन्याच्या पाण्यात शिजवून धुतलेल्या मक्याचे पीठ पहाटे दळून आणले जाई आणि मग चुलीपाशी तोर्तिया थापण्याचा आवाज सुरू होई. अर्धवट झोपेत तो आजोळच्या भाकरीचा वाटे; पण आमच्याकडे भाकरी परातीत थापली जाई आणि इथे पिठाचा गोळा दोन तळव्यांच्या मध्ये, जणू हवेतच, मोठा होत असे. जेवताना कोणी शब्दाने आग्रह करीत नसे. ‘अजून अर्धी घ्या’, ‘लाजू नका’ या आपल्या आग्रहाला नकार देण्याचीही एक ठरलेली रीत असते. तिथे फडक्याने झाकलेली टोपली मुकाट्याने माझ्याकडे सरके आणि फडक्याचे टोक उचललेले असे. त्याला नाही कसे म्हणायचे, हे मला शेवटपर्यंत जमले नाही, आणि खरे सांगायचे तर जमावे असे फारसे वाटलेही नाही.

जेवून उठताना प्रत्येकजण भोवतालच्या सगळ्यांना ‘बान्त्योश’ म्हणजे ‘आभारी आहे’ असे म्हणतो. ज्यांनी स्वयंपाकाला हातही लावलेला नाही, त्यांनासुद्धा. मी दोन दिवस मुकाट्याने उठून ताटली विसळत होतो. तिसऱ्या दिवशी घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाने माझी बाही ओढून तो शब्द माझ्याकडून म्हणवून घेतला.

निघण्याच्या आदल्या दिवशी ‘काकिक’ झाले. काक म्हणजे लाल आणि इक म्हणजे मिरची. नाव ऐकताच मला कोल्हापूरचा तांबडा रस्सा आठवला. २००७ साली ग्वातेमालाने राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलेला हा टर्कीचा रस्सा सणासमारंभाला होतो. अंगणातल्या तीन टर्कींपैकी एक सकाळपासून दिसत नव्हती, हे माझ्या लक्षात आले होते. वह्या-औषधांची गरज पडली की विकायचा ऐवज तो. आणि मदत करायला आलेला मी त्यातला सर्वांत मोठा तुकडा घेऊन त्या एकुलत्या खुर्चीवर बसलो होतो.

उतराई म्हणून मी चहा करायचे ठरवले. वस्तीभोवतीचा डोंगर वेलदोड्यांनी भरलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने भारतातून आणलेल्या या पिकाच्या निर्यातीत ग्वातेमाला आज जगात आघाडीवर आहे. बहुतेक माल अरबांच्या कॉफीसाठी जातो. पिकवणाऱ्यांच्या घरात मात्र त्याची चव जवळजवळ कोणाला ठाऊक नसते. मी चुलीपाशी बुटक्या ओंडक्यावर बसून पाट्यावर वेलदोडे ठेचले, सोबत आणलेली चहाची पत्ती टाकली. वासाने मुले जवळ सरकली. आजींनी एक घोट घेतला, तोंड वेडेवाकडे केले, तीन चमचे साखर घातली आणि कप संपवला. नंतर एकेकाने, कप अर्धा टाकणाऱ्यांनीसुद्धा, माझ्याकडे पाहून ‘बान्त्योश’ म्हटले. मी अजून ओंडक्यावरच होतो; खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर कोणीही बसले नव्हते.