महापालिकेतील फेलो आणि त्याच्यामागे उरणारे काम

मुख्यमंत्री फेलोशिप महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झाली, मध्यंतरी बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. २१ ते २६ वयोगटातील तरुण-तरुणी या योजनेतून वर्षभरासाठी शासनाच्या निरनिराळ्या कार्यालयांत येतात आणि त्यांतील काही जण महानगरपालिकांत दाखल होतात. केंद्र सरकारच्या ‘ट्युलिप’ योजनेनेही २०२० पासून नव्या पदवीधरांना शहरांच्या कारभारात प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेश मिळवून दिला आहे. महापालिकेच्या अभियांत्रिकी विभागात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला या मुलामुलींविषयी मनापासून आस्था आहे. त्याच आस्थेपोटी सांगतो की, फेलो निघून गेल्यानंतर त्या विभागातील कनिष्ठ अभियंता आणि लिपिक त्याचे काम पुढे चालवू शकतात का, यावरच त्या कामाचे मोल ठरायला हवे.

महापालिकांना या मुलांची गरज का भासते, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद केले आणि नगररचनेपासून झोपडपट्टी सुधारणेपर्यंतच्या कामांत नागरी संस्थांची भूमिका मान्य केली. कामे वाढत गेली, शहरे पसरत गेली. पण आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वेतन-भत्त्यांवरचा खर्च, ३५ टक्क्यांच्या मर्यादेत राखण्याच्या बंधनामुळे अनेक महापालिकांत रिकाम्या झालेल्या जागा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत. परिणामी एकाच कनिष्ठ अभियंत्याकडे दोन-तीन प्रभागांचा भार येतो. सकाळी जागेवरची पाहणी, दुपारी माहिती अधिकाराच्या अर्जांची उत्तरे आणि संध्याकाळी मोजमाप पुस्तकातील नोंदी, असा त्याचा दिवस जातो. आपल्याच प्रभागात गेल्या पाच वर्षांत काय घडले, हे एकत्र मांडून पाहण्याइतकी उसंत त्याला कधीच मिळत नाही. ही उसंत फेलोकडे असते आणि माझ्या दृष्टीने तीच त्याची खरी ताकद आहे.

आमच्याकडे मलनिःसारण विभागात आलेल्या एका फेलोचे काम मी जवळून पाहिले. तक्रारींच्या नोंदींत ‘चेंबर तुंबले – साफ केले’ एवढाच शेरा असे आणि तक्रार निकाली निघे. तिने या नोंदी पत्त्यांनुसार लावल्या, तेव्हा ठरावीक गल्ल्यांतील तीच ती चेंबर वारंवार तुंबत असल्याचे दिसले. तिने एवढ्यावर सादरीकरण केले असते तरी तिचे कौतुकच झाले असते. पण ती मुकादमाबरोबर त्या गल्ल्यांतून फिरली. कुठे वस्ती वाढली तरी वाहिनी जुन्याच व्यासाची राहिली होती, कुठे पावसाळी पाण्याची जोडणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडलेली होती, हे मुकादमाला पूर्वीपासून ठाऊक होते. त्याला ते कोणी विचारलेच नव्हते. पुढे तिने कनिष्ठ अभियंत्याच्या शेजारी बसून पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तयार करायला मदत केली आणि टिपणी त्याच्याच सहीने वर गेली. ही शेवटची बाब मला फार महत्त्वाची वाटते. प्रस्ताव विभागाचा ठरला, म्हणून ती गेल्यानंतरही प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश हा सारा प्रवास तो करू शकला.

याउलट मिळकतकराची यादी आणि नळजोडण्यांची यादी एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम एका हुशार मुलाने हाती घेतले होते. नावे वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेली, मिळकत क्रमांक बदललेले, एकाच इमारतीची नोंद दोन ठिकाणी. हे सगळे त्याने चिकाटीने जुळवत आणले होते. पण त्यामागचे नियम त्याने कोणाला शिकवले नाहीत आणि ते शिकून घे असे कोणत्याही लिपिकाला सांगण्यात आले नाही. तो गेला आणि काही महिन्यांतच ती यादी शिळी झाली. यात त्या मुलाचा दोष मी मानत नाही. त्याला पहिल्याच दिवशी एक जोडीदार कर्मचारी नेमून देणे आणि शेवटच्या महिन्यात कार्यपद्धतीचे परिपत्रक काढणे ही वरिष्ठांची जबाबदारी होती.

आणखी एक अडचण काळाची आहे. महापालिकेचे वर्ष अंदाजपत्रकाभोवती फिरते. पुढच्या वर्षाच्या मागण्या हिवाळ्यात विभागांकडून जातात, पैसा एप्रिलनंतर उपलब्ध होतो, आणि पावसाळ्यात रस्ते खोदाई थांबत असल्याने प्रत्यक्ष कामाला पुष्कळदा दिवाळी उजाडते. फेलो मात्र एकच वर्ष असतो. त्यामुळे त्याने सुचवलेले भांडवली काम त्याच्या डोळ्यांसमोर पूर्ण होणे जवळपास अशक्य असते, आणि काहीतरी पूर्ण करून दाखवण्याच्या ओढीने तो डॅशबोर्ड किंवा ॲपकडे वळतो. लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातील त्या कामाच्या खात्यात, तरतूद करून घेणे हेसुद्धा पूर्ण झालेलेच काम आहे, असे त्याच्या मूल्यमापनात लिहिले गेले, तर ही ओढ बरीच कमी होईल.

फेलोंना गट-अ अधिकाऱ्यांच्या समकक्ष दर्जा दिला जातो. वीस वर्षे खात्यात काढलेल्या शाखा अभियंत्यासमोर तेविशीतली व्यक्ती या दर्जाने येऊन बसते, तेव्हा थोडा दुरावा येणे स्वाभाविक आहे. आयुक्तांच्या दालनाऐवजी क्षेत्रीय कार्यालयात टेबल मिळालेल्या फेलोंबाबत हा दुरावा लवकर मिटलेला मी पाहिला आहे, म्हणून पहिले दोन महिने तरी त्यांना तिथेच बसवावे असे माझे ठाम मत आहे.

शेवटचा मुद्दा लोकप्रतिनिधींचा. २०२२ नंतर राज्यातील बहुतेक महापालिकांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होता. २०२३ मध्ये रुजू झालेल्या फेलोंपैकी बहुतेकांनी त्यामुळे महापालिका पाहिली ती सर्वसाधारण सभेविना आणि स्थायी समितीविना. निर्णय वेगाने होतात म्हणून त्यांतील काहींना तीच व्यवस्था सोयीची वाटली, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आणि मला त्याची काळजी वाटली. कोणत्या गल्लीत पाण्याचा दाब कमी आहे, कोणती शाळा पटाअभावी बंद पडू शकते, हे नगरसेवकाला घरी येणाऱ्या माणसांकडून कळते आणि त्यासाठी तो निवडणुकीत उत्तरदायीही असतो. फेलोने पहिल्या महिन्यापासून प्रभाग समितीच्या बैठकांना बसावे, तिथे मांडलेल्या तक्रारी आणि संगणकावर नोंदलेल्या तक्रारी यांतील तफावत टिपून ठेवावी आणि ती तफावत विभागप्रमुखांपुढे मांडावी. माझ्या अनुभवात ही तफावत सर्वांत मोठी असते ती ज्या वस्त्यांतून ऑनलाइन तक्रार करणारे कोणी नाही, त्यांच्याबाबतीत.