किद्रोनच्या काठाने

कॅमेरा घेऊन जेरुसलेमला जायचं ठरलं, तेव्हा लेन्स कुठल्या घ्यायच्या हे ठरवण्याआधी मी एक तक्ता केला. आडवे वार, उभ्या जागा. शुक्रवारी दुपारी मुसलमानांची जुम्म्याची नमाज. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ज्यूंचा शब्बाथ. रविवारी सकाळी चर्चमधल्या प्रार्थना. साधारण एक चौरस किलोमीटरच्या तटबंदीत तीन धर्मांचा आठवडा एकमेकांत गुंतलेला आहे, आणि फोटो काढणाऱ्याला आधी तो समजून घ्यावा लागतो. उजेडाचा विचार नंतर.

त्या तक्त्यातून एकच नियम निघाला आणि मी तो शेवटपर्यंत पाळला: जी वेळ भाविकांची, त्या वेळी आपण तिथून निघून डोंगरदऱ्यांकडे जायचं. सुरुवातीला ही तडजोड वाटत होती. पुढे कळलं की या भूमीचे फोटो असेच काढायला हवेत, कारण इथली देवस्थानं आणि इथला मुलूख वेगळे करता येत नाहीत.

आम्ही दोघं, मी आणि बायको, फेब्रुवारी २०२३ मध्ये गेलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या गाझा युद्धाच्या आधी. तेव्हाची ये-जा, वेळा, रस्ते आज तसेच असतील असं कुणी धरून चालू नये. जाणाऱ्याने त्या वेळची परिस्थिती पाहूनच ठरवावं. फेब्रुवारी निवडला तो रमजान आणि ईस्टरच्या गर्दीआधी पोचायचं म्हणून, आणि हिवाळी पावसाने हवेतली धूळ खाली बसते म्हणूनही. सूर्यही दिवसभर कलता राहतो, त्यामुळे दगडांचा पोत उठून दिसतो. जेरुसलेममध्ये दगडाचा पोत हाच निम्मा विषय. १९१८ मध्ये ब्रिटिश अमलात इमारतींना स्थानिक दगडच लावायचा असा नियम झाला, म्हणून नव्या वस्त्याही त्याच फिकट चुनखडीच्या. सकाळी हा दगड पांढरट दिसतो, संध्याकाळी मधासारखा पिवळा. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवलं, तर तो हा पिवळेपणा धुऊन टाकतो. मी ते कायम ‘डेलाइट’वर ठेवलं.

मुलूख समजायला मराठी माणसाला फार वेळ लागू नये. पश्चिमेला समुद्र, मग डोंगरांची उभी रांग, आणि रांग ओलांडली की पर्जन्यछाया. सह्याद्रीसारखीच मांडणी, फक्त इथे सगळं कमी अंतरात आणि फार टोकाला गेलेलं. जेरुसलेम रांगेच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. तिथून पूर्वेला सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपास गेलं की मृत समुद्राचा किनारा, समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली. जेरुसलेमला वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, खाली १०० मिलिमीटरही नाही. म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या शेवटच्या घरांमागे वाळवंटच उभं असतं. संदेष्टे, तपस्वी, मठवासी या वाळवंटात का गेले, हे नकाशावरून नाही कळत, जैतुनांच्या डोंगरावर उभं राहून पूर्वेकडे तोंड वळवलं की कळतं.

शहर आणि मृत समुद्र यांना जोडणारी एक घळ आहे, किद्रोन. ती जुन्या शहराची पूर्वेची तटबंदी आणि जैतुनांचा डोंगर यांच्या मधून निघते, यहूदाच्या वाळवंटातून खोल होत जाते, मार साबा या ख्रिस्ती मठाच्या पायथ्याशी पोचते आणि शेवटी मृत समुद्राला मिळते. माझी फोटोमालिका या घळीच्या कडेनेच जाईल, हे मी घरीच ठरवलं होतं.

पहिली चौकट जैतुनांच्या डोंगरावरून. इथे लोक संध्याकाळी गर्दी करतात, पण शहर डोंगराच्या पश्चिमेला आहे, म्हणजे संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे जातो आणि समोर फक्त काळ्या आकृती उरतात. ‘डोम ऑफ द रॉक’ या मुसलमानांच्या पवित्र वास्तूच्या घुमटाचं सोनं उजळतं ते सकाळी, सूर्य आपल्या पाठीशी असताना. आम्ही अंधारात टॅक्सीने वर गेलो. उतारावर हजारो ज्यू कबरी, त्यांवर फुलं नाहीत, लहान लहान दगड ठेवलेले. घळीच्या पलीकडे तटबंदीला लागून मुसलमानांचं कब्रस्तान आणि त्यामागे शतकानुशतकं चिणून बंद केलेला सोनेरी दरवाजा. तळाशी गेथशेमानेची बाग, जिथे येशूला पकडलं असं मानतात, आणि तिचं चर्च. अखेरच्या न्यायाचा दिवस या परिसरात उगवेल अशी श्रद्धा तिन्ही धर्मांत आहे, म्हणून आपापली माणसं त्यांनी या घळीच्या दोन्ही अंगांना पुरली. ही एक गोष्ट ठाऊक असली की चौकट कुठे कापायची हे आपोआप ठरतं. कबरी कापून नुसता घुमट घेणारे फोटो मला त्यानंतर अपुरे वाटायला लागले.

त्या घुमटाचं आवार म्हणजे हरम अल शरीफ, ज्यूंचा टेंपल माउंट. इथे बिगरमुस्लिमांना रविवार ते गुरुवारच प्रवेश, तोही सकाळचे काही तास आणि दुपारी थोडा वेळ, आणि एकाच वाटेने: ज्यू जिथे प्रार्थना करतात त्या पश्चिमी भिंतीशेजारच्या लाकडी पुलावरून, मुघराबी दरवाजातून. दार उघडायच्या बरंच आधी रांगेत उभं राहावं. तपासणीत बॅग रिकामी होते. तिपाई नेऊच नये, प्रार्थनेचं पुस्तक वा इतर कुठली धार्मिक वस्तूही बरोबर नसावी. खांदे आणि पाय झाकलेले हवेत. घुमटाच्या किंवा अल अक्सा मशिदीच्या आत आपल्याला जाता येत नाही, पण आवार विस्तीर्ण आहे. इसवी सन ६९१-९२ मध्ये खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळात हा घुमट पुरा झाला. आजचं सोनं मात्र अलीकडचं, १९९३ मध्ये जॉर्डनचे राजे हुसेन यांच्या खर्चाने चढवलेलं, सुमारे ८० किलो. उन्हात ते इतकं चमकतं की कॅमेरा फसतो आणि खालच्या निळ्या फरशा काळवंडतात. मी घुमटावरच्या उजेडाचं मोजमाप करून फोटो घेतले आणि फरशांसाठी पायऱ्यांवरच्या कमानींच्या सावलीत थांबलो. कमानीतून दिसणाऱ्या निळ्या भिंतीला मऊ उजेड मिळतो. ओट्यांवर काही वृद्ध कुराण वाचत होते. त्यांच्याकडे मी लेन्स वळवली नाही. झाडाखाली चेंडू खेळणाऱ्या मुलांनी मात्र स्वतःच फोटो काढायला लावले.

पश्चिमी भिंतीपाशी गुरुवारी गेलो. डोकं झाकायचं, पुरुष डावीकडे, स्त्रिया उजवीकडे. आम्ही चौकात मराठीत बोलत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, “मराठी का गं तुम्ही?” डोक्याला रुमाल बांधलेल्या, ऐंशीच्या घरातल्या आजी. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, माहेर पेणजवळचं, लग्नानंतर लगेच इकडे आलेल्या. बायकोचा हात त्यांनी सोडलाच नाही. मी फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या, “काढ की बाळा. पण उद्या दिवे लागले की कॅमेरा बाहेर काढू नकोस हां, शब्बाथ लागतो. लोकांना वाईट वाटतं.” नियम मला ठाऊक होता, फलकही लागलेले असतात. पण त्यामागचं कारण त्यांनी चार शब्दांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कॅमेरा खोलीवर ठेवून गेलो. काळे अंगरखे, पांढरे सदरे, गोल धरून गाणारे तरुण सैनिक, दगडांच्या फटींत खुपसलेल्या चिठ्ठ्या. हे सगळं नुसतं बघायला मिळालं, याचं मला अजून बरं वाटतं. माणसं प्रार्थना करत असताना चेहऱ्याचा फोटो घ्यायचा असेल, तर विचारावं लागतं, आणि विचारायचं तर त्यांची प्रार्थना मोडावी लागते. म्हणून तो फोटो घ्यायचाच नाही, इतकं हे सरळ आहे.

पवित्र कबरीच्या चर्चला, म्हणजे येशूची कबर मानल्या जाणाऱ्या जागेवरच्या चर्चला, मी सगळ्यांत जास्त वेळ दिला. इथे सहा पंथ एकाच छपराखाली नांदतात: ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियाक आणि इथिओपियन. कुणाची फरशी कुठे संपते, कोण कुठली पायरी झाडतो, दिवा कुणाचा, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या ऑटोमन फर्मानानुसार ‘जैसे थे’. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे, ती अठराव्या शतकापासूनच्या चित्रांत दिसते आणि अजून तिथेच आहे. आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या दोन मुसलमान घराण्यांकडे, एकाकडे किल्ली सांभाळायची, दुसऱ्याकडे दार उघडायची जबाबदारी.

पहाटे दार उघडतं तेव्हा आत पर्यटक जवळजवळ नसतात. पण ती वेळ वेगवेगळ्या पंथांच्या उपासनेची, म्हणून मी भिंतीशी उभा राहून फक्त ऐकलं: ग्रीक, मग आर्मेनियन, मग लॅटिन, कधी दोन एकाच वेळी. उपासना संपून गर्दीचे जथे येण्याआधी थोडा मोकळा वेळ मिळतो, तो फोटोंचा. अंधार बराच असतो, तिपाईला मनाई, फ्लॅश तर नकोच. ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, आयएसओ ३२००, शटर साठावा भाग, खांबाला पाठ टेकलेली. एवढ्यात काम भागतं. दाराशी लालसर अभ्यंगशिळा आहे, येशूचं शव हिच्यावर ठेवून त्याला तेल लावलं असं मानतात; तिच्यावर लोक तेल ओततात, रुमालाने पुसून तो रुमाल घरी नेतात. दार दक्षिणेला असल्यामुळे हिवाळ्यात आडवा उजेड शिळेच्या दिशेने आत येतो. मी चेहरे वगळून हातच घेतले: सुरकुतलेले, मेंदी लावलेले, अंगठ्यांचे, एक लहान मुलाचा. कबरीवरच्या गोल घुमटातून दुपारी उन्हाचा झोत खाली उतरतो, तेव्हा धूप जळत असला तर झोत नजरेला दिसतो. सेंट हेलेनाच्या चॅपेलकडे उतरणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर शेकडो लहान क्रूस कोरलेले आहेत. तिथे बाजूने येणारा क्षीण उजेड पुरला.

शनिवारी ज्यू वस्तीतल्या बस बंद असतात, पण दमास्कस दरवाजाजवळच्या अरब स्थानकातून बेथलेहेमच्या बस चालू असतात. म्हणून शनिवार पॅलेस्टिनी भागातल्या बेथलेहेम आणि मार साबाचा. वाटेतल्या तपासणी नाक्यावर कॅमेरा बॅगेत. सैनिक, नाके, कुंपणं यांचे फोटो नाहीत. पासपोर्ट आणि विमानतळावर शिक्क्याऐवजी मिळालेली निळी चिठ्ठी खिशात. ख्रिस्तजन्माच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच, सगळ्यांना वाकूनच आत जावं लागतं. २०१३ पासून झालेल्या दुरुस्तीत भिंतींवरची काजळी निघाली आणि खालची सोनेरी कुट्टिमचित्रं (मोझेक) पुन्हा दिसू लागली. खालच्या गुहेतला चौदा टोकांचा चांदीचा तारा बघायला रांग असते. तिथे एखाद्याला दोन क्षण मिळतात आणि ते कॅमेऱ्यामागे घालवायला मला नको वाटलं.

तिथून टॅक्सीने मार साबा. इसवी सन ४८३ मध्ये स्थापन झालेला हा मठ किद्रोनच्या कड्याला चिकटून बांधलाय, इतका की कडा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे दुरून कळत नाही. आत स्त्रियांना प्रवेश नाही. मीही आत गेलो नाही. आम्ही पलीकडच्या कड्यावर जागा शोधली. इथे मात्र तिपाई, पोलरायझर, हवा तेवढा वेळ. खाली ओढ्याला पाणी होतं आणि त्याला शहराच्या सांडपाण्याचा वास होता. गेथशेमानेशेजारून निघालेली घळ तेव्हा हे वाहून आणत होती, हेही फोटोत यायला हवं म्हणून मी फेसाळलेला ओढा चौकटीच्या खालच्या कडेला ठेवला.

मृत समुद्राचं पाणी दरवर्षी साधारण एक मीटरने खाली जातं. यार्देन (जॉर्डन) नदीचं पाणी वरच्या वर वळवलं जातं आणि दक्षिणेकडे खनिजांसाठी बाष्पीभवनाची तळी आहेत. समुद्र मागे सरकला की जमिनीखालचं गोडं पाणी मिठाचे थर विरघळवतं आणि वरची जमीन अचानक खचते. असे खड्डे हजारो झालेत, कित्येक किनारे बंद आहेत. ‘प्रवेश नाही’चा फलक ओलांडून फोटो काढणारे दिसले. असं कृपा करून करू नये, तिथली जमीन वरून घट्टच दिसते. आम्ही मोकळ्या किनाऱ्यावरूनच पहाट घेतली: समोर जॉर्डनमधले मवाबाचे डोंगर, पाणी निश्चल. काम झाल्यावर कॅमेरा ओलसर फडक्याने पुसून घ्यावा, मिठाचे कण बटणांत शिरतात.

उत्तरेकडच्या गालीलला थोडंच राहिलो. तिथे सगळं हिरवं, रानात लाल ॲनिमोन फुललेले. कफर्णहूमला काळ्या बेसॉल्टच्या पायावर पांढऱ्या चुनखडीचं ज्यूंचं सभास्थान उभं आहे. बेसॉल्ट पाहून बायको म्हणाली, “अरे, हा तर आपलाच दगड!”

परतीला विमानतळावर बरेच तास आधी पोचावं. प्रत्येक लेन्स बाहेर निघते, पट्टीने पुसून तपासली जाते, प्रश्न विचारले जातात. शांतपणे उत्तरं दिली की होतं सगळं नीट. कार्डांच्या प्रती दोन डिस्कवर, दोन वेगळ्या बॅगांत.

घरी निवड करताना मी घळीचाच क्रम ठेवला: कबरी, तट, गेथशेमानेची बाग, वाळवंट, मठ, ओढा, खचलेला किनारा. ज्यांना विचारता आलं नव्हतं असे चेहरे ओळखू येणारे फोटो काढून टाकले, त्यांत काही चांगले होते तरीही. मार साबाचे माझे कितीतरी फोटो होते. पण बायकोने त्याच कड्यावर, मी तिपाई उभी करत असताना, हातातल्या कॅमेऱ्याने एक घेतला होता. त्यात मठाबाहेरचा स्त्रियांसाठीचा एकटा बुरूज पुढे आहे आणि मठ मागे. मालिकेत तोच लावला आहे, तिच्या नावाने.