नवाहोंच्या मुलखाकडे निघण्यापूर्वी

येत्या ऑक्टोबरात आम्ही उभयता अमेरिकेत मुलीकडे, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला जाणार आहोत आणि तिथून मोटारीने मॉन्युमेंट व्हॅली हा उंच खडकाळ सुळक्यांचा प्रदेश पाहून यायचे ठरले आहे. जावयांनी प्रथम आखलेला बेत सुटसुटीत होता: पहाटे निघायचे, दुपारी पोहोचायचे, मावळतीचे फोटो काढायचे आणि रात्री परतीच्या वाटेवर कुठेतरी मुक्काम करायचा. अंतर सुमारे ५०० किलोमीटरचे असल्याने हे अशक्य नव्हते. पण गेला महिनाभर मी रोज जेवणानंतर नकाशा घेऊन बसू लागलो आणि तो बेत मला खटकू लागला.

ॲरिझोना आणि युटा यांच्या सीमेवरची ही जागा अमेरिकी सरकारचे राष्ट्रीय उद्यान नाही. ती नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या राष्ट्राच्या हद्दीत आहे आणि तिथले उद्यान नवाहोंच्याच शासनाने १९५८ साली स्थापन केले. त्यामुळे अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांचा जो वार्षिक पास मुलीने हौसेने काढून ठेवला आहे, तो तिथे चालत नाही. नवाहोंचा हा मुलूख सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या साडेचार पटींहून मोठा असून त्याला स्वतःचे अध्यक्ष, कायदेमंडळ, न्यायालये आणि पोलीस आहेत. या हद्दीत दारूबंदी असल्याचे वाचल्यावर जावयांच्या शीतपेटीतला काही ऐवज फिनिक्सलाच ठेवायचे ठरले. ड्रोन उडवायला आणि सुळक्यांवर चढायला मनाई आहे, आणि कोणाचाही फोटो घेण्यापूर्वी त्या माणसाला विचारायचे असते. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण जसे वागतो, तसेच हे आहे.

घड्याळाने मात्र आमची चांगलीच फजिती केली असती. ॲरिझोना राज्यात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करत नाहीत, नवाहो मुलखात करतात. म्हणजे ऑक्टोबरात फिनिक्सला दुपारचे ४ वाजतात तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीत ५ वाजलेले असतात. त्यातही होपी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांचा प्रदेश नवाहो मुलखाने चारही बाजूंनी वेढलेला आहे आणि तिथले घड्याळ पुन्हा ॲरिझोनाप्रमाणे चालते. आमच्या वाटेवर ट्यूबा सिटीला लागूनच मोएन्कोपी हे होपी गाव येते, तिथे रस्ता ओलांडला की तास बदलतो. मुलीने वाटाड्यासोबतच्या फेरीची वेळ फिनिक्सच्या हिशेबाने धरली होती. आम्ही पोहोचेपर्यंत फेरी निघून गेलेली असती. चूक आमचीच होती, ती वेळेत सुधारली.

रस्ता असा आहे: फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ, तिथून उत्तरेला ट्यूबा सिटी, मग केएंटा, आणि केएंटापासून सुमारे ४० किलोमीटरवर उद्यान. ट्यूबा सिटी ते केएंटा हे अंतर सोलापूर ते विजयपूरपेक्षा थोडे जास्तच असून मधे वस्ती तुरळक आहे, म्हणून टाकी ट्यूबा सिटीलाच भरून घ्यायची. उद्यानातली २७ किलोमीटरची फेरी कच्च्या, खडबडीत रस्त्याने आहे. गाडी भाड्याने घेताना करारात कच्च्या रस्त्याची मनाई असते, हे कळल्यावर आम्ही भाड्याची गाडी वरच ठेवून नवाहो वाटाड्याच्या गाडीतून जायचे ठरवले. आतल्या भागात तर वाटाड्याशिवाय जाताच येत नाही.

आमचा मुक्काम एका रात्रीवरून तीन रात्रींवर गेला, तो मात्र सुळक्यांमुळे नाही, मागामुळे. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आमच्या घरी वडिलांचे चार माग होते. त्यांच्या खटखटाटात आम्ही भावंडे गाढ झोपायचो आणि माग बंद पडला की जागे व्हायचो. नवाहो स्त्रिया उभ्या मागावर लोकरीची सतरंजी विणतात आणि त्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, एकाच अखंड धाग्याचा, खालून वर, वरून खाली नेलेला असतो. आपल्याकडे एका बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावर, कित्येक चादरी सलग विणून मग कापतात. तिथे कापायचा प्रश्नच नाही, कारण प्रत्येक नगाला चारही बाजूंनी स्वतःचा काठ असतो. बाणा, म्हणजे आडवा धागा, लाकडी फणीने ठोकून इतका घट्ट बसवतात की ताणा दिसतही नाही. काही जणी चौकटीच्या नक्षीत आतून बाहेरच्या काठापर्यंत वेगळ्या रंगाची एक बारीक रेघ सोडतात, विणणारीचे मन त्या चौकटीत अडकून पडू नये म्हणून. वडिलांनी ती पाहिली असती, तर नग सरळ ‘सेकंड’मध्ये, म्हणजे सदोष मालात, टाकला असता.

विणकाम आपल्याला कोळी-स्त्रीने शिकवले, असे नवाहो सांगतात. तिचे घर मानला जाणारा ७०० फुटांहून उंच सुळका कॅन्यन द शे या दरीत आहे, म्हणून तिसरा दिवस तिकडे. त्याच दरीतल्या फळबागा अमेरिकी सैन्याने १८६४ साली तोडल्या आणि हजारो नवाहोंना पायी चालवत न्यू मेक्सिकोत बॉस्क रेडोंडोला नेऊन डांबले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. त्या तहात १५,००० मेंढ्या-शेळ्या घेऊन देण्याचे कलम होते. मागावरच्या लोकरीची किंमत मला त्या कलमात जास्त कळली.

जेवणाची व्यवस्था सौभाग्यवतीने आपल्याकडे घेतली आहे. तिथला तळलेला पाव पुष्कळदा चरबीत तळतात, हे कळल्यापासून कडक भाकरी आणि शेंगाचटणी यादीत सर्वांत वर आहे. मोरपंखी नक्षीची एक सोलापुरी चादरही न्यायची माझी इच्छा आहे, विणणाऱ्या कोणी भेटल्या तर उलटी करून दाखवायला. काल बॅग काट्यावर ठेवली, ती २३ किलोंच्या वर दीड किलो भरली. सौभाग्यवती म्हणाली, “भाकरी निघणार नाही.” मी माझे दोन स्वेटर बाहेर काढले.