गळका कूलर

नवतपा चालू आहे, म्हणजे २५ मेपासूनचे ते नऊ दिवस, आणि जळगावात सकाळी दहालाच बाहेर बघवत नाही. बाग म्हणावी असं माझ्याकडे आहे तरी काय, एक कडूनिंब, एक लिंबू, जास्वंद, कढीपत्ता नि कुंडीतला मोगरा. वर हिरवी नेट बांधलीय तरी जास्वंदाची पानं कडेनं भाजल्यासारखी झालीत. फक्त मागच्या खिडकीखाली दीड-दोन फूट जागा कायम ओली, तिथे अळू नुसतं माजलंय. कारण एकच, कूलर गळतो.

म्हणजे बॉल कॉक नीट बसत नाही, टाकी भरली की जास्तीचं पाणी पाईपातून थेंब थेंब खाली. आईचं रोजचं, "अरे नळाला रोज पाणी नाही आणि तू जमिनीला पाजतोयस!" बरोबर आहे तिचं. पण दुपारी दोनला खिडकीतून बघा ना एकदा. खार येते, पाणी पिते आणि चक्क चारी पाय पसरून, पोट ओल्या मातीला चिकटवून पडून राहते. पहिल्यांदा मला वाटलं मेली, म्हणून तसाच अनवाणी धावलो बाहेर, फरशीचा असा चटका बसला की नाचतच परत आलो, खार तोवर झाडावर. बुलबुलाची जोडी अळूखाली चोच वासून बसते. पक्ष्यांना घाम येत नाही, तोंडानं धापा टाकूनच अंग थंड ठेवायचं. सरडा गळा लाल करून मान वरखाली करतो, माजावर आलाय म्हणून, पण आमची आजी म्हणायची तो लांबूनच रक्त पितो, तर अजूनही मी जरा बाजूनंच जातो. वर निंबावर कोकिळा, तिला पिकलेल्या निंबोळ्या मिळाल्या की खालच्या भानगडीत रस नाही.

सगळ्यात जास्त ये-जा मधमाश्यांची. चिखलाच्या कडेला रांगेत बसतात, पोट हलत असतं, भरलं की उडाल्या, दुसऱ्या हजर. मला वाटायचं बिचाऱ्यांना तहान लागली असेल. तर हे पाणी त्या पोळ्यात नेतात, घरांवर पातळ पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात, पाणी सुकतं तसं पोळं थंड होतं. कूलरच की रे भो, नि तोही विनालाईटचा! चिमण्यांनी तर आमच्या कूलरच्या जाळीतलं गवत ओढून ओढून एका बाजूला भोकच पाडलंय, घरट्यासाठी.

ते गवत बदलायचं म्हणून परवा शेवटी मेकॅनिक बोलावला. त्यानं बाजूची जाळी काढली, आत डोकावला नि म्हणाला, "भाऊ, तुमचा भाडेकरू बसलाय इथं." मोटारपंपाच्या मागे एक बेडूक, पोट टाकीच्या ओल्या पत्र्याला टेकवून, डोळे अर्धे मिटलेले. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतूनच ओढून घेतो, म्हणजे याचं जेवण सोडून बाकी सगळं बसल्या जागी. त्याला मगमध्ये घेऊन अळवात सोडला. बॉल कॉक नवा, गवत नवं, जाळ्या नव्या. गळती बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अळवानं माना टाकल्या. खार आली, कोरडी माती हुंगली, निघून गेली. मी मातीच्या परातीत पाणी ठेवलं, मधमाश्या बुडायला लागल्या म्हणून त्यात खडे टाकले, पक्षी येतात त्यावर, पण खारीला पोट टेकवायला चिखलच पाहिजे. आणि काल बघतो तर आई तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन मागच्या दारानं तिथेच ओततेय. मी काही बोललो नाही, तीही नाही.

आता ढग यायला लागतील, हवा दमट झाली की कूलर नुसता चिकट वारा फेकतो, मग तसाही बंदच. तोवर टाकी भरतोय रोज. आज भरायला झाकण काढलं तर बेडूक परत आत, त्याच जागी, पंपामागे. सगळ्या जाळ्या नव्या आहेत, हा शिरला कुठून?