पाते, कमान आणि पितळी पत्रे : आमची वाटचाल

सांगलीत आमचे काम सुरू झाले ते धार लावण्याचे. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज हा सगळा द्राक्षपट्टा. डॉगरिज खुंटावर (द्राक्षाच्या रानटी जातीच्या मुळाच्या रोपावर) कलम भरायचा हंगाम जवळ आला की कलमाचे चाकू आणि छाटणीच्या कात्र्या पिशव्या भरभरून यायच्या. त्यांतच एखादा जुना घडीचा चाकू निघायचा. हाडाची मूठ, तिच्या आत पितळी पत्रे, पाते गंजाने जागच्या जागी बसलेले. "एवढा उघडून द्या" इतकीच मागणी असायची. आज दुकानाचे निम्म्याहून जास्त काम या जुन्या चाकूंचेच आहे आणि संग्राहक लांबून पाठवतात. मधल्या काळात आम्ही काय धरले, काय सोडले आणि का, ते इथे मांडतो.

सगळ्यात आधी सोडले ते बफिंगचे चाक. चाकाखाली पाच मिनिटांत चाकू आरशासारखा होतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण त्या पाच मिनिटांत पात्याच्या बुडावरचा, म्हणजे मुठीकडच्या जाड टोकावरचा, कारखान्याचा छाप पुसट होतो, नखाने पाते उघडायच्या खाचेच्या कडा गोल होतात आणि मुख्य म्हणजे धार तापते. साध्या कार्बन पोलादाला एकदा पाणी पाजले, म्हणजे लाल तापवून झटकन थंड केले, की त्याचा कडकपणा उष्णतेवर अवलंबून राहतो. सुमारे २२० अंशांना पोलादावर फिकट पिवळी झाक येते, ३०० च्या आसपास निळी. धारेची कड कागदाएवढी पातळ असते, तिला निळे व्हायला दोन-तीन सेकंद पुरतात. ती कड नंतर कितीही घासा, धार दोन दिवस टिकत नाही. मऊ झालेले पोलाद पुन्हा कडक करायचे तर चाकू पूर्ण खोलावा लागतो आणि पातळ पाते त्या उष्णतेत वाकण्याची भीती असते. छाप गेला तर त्यावर उपायच नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने चाकूची अर्धी किंमत त्या छापात असते.

म्हणून आता चाकू आला की पहिले काम पाहण्याचे. व्हर्नियरने पात्याची लांबी-जाडी घेतो आणि बुडाचा फोटो तिरप्या उजेडात काढतो. समोरून उजेड टाकला तर पुसट छाप दिसत नाही, कडेने टाकला की अक्षरांच्या सावल्या पडतात. आपल्या भागात सर्वांत जास्त सापडतात ते इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचे, त्यातही जोसेफ रॉजर्स या कारखान्याचे. तारा आणि माल्टीज क्रूस ही त्यांची खूण १७६४ पासूनची. बुडावर मुकुटाच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' असतील तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला. 'ई आर' असेल तर १९०१ ते १९१०, आणि 'जी आर' बहुधा त्यानंतरचा. 'इंग्लंड' हा शब्दही कामाचा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, तेव्हापासून तो शब्द सर्रास दिसू लागला. मात्र तो नाही म्हणजे चाकू त्याआधीचाच, असे धरून चालू नये. पात्यावर स्टेनलेस लिहिलेले असेल तर चाकू १९१३ नंतरचाच, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये ते पोलाद त्या वर्षी ओतले. रॉजर्सच्या नावाची नक्कलही भरपूर झाली. अक्षरे वेडीवाकडी, तारा-क्रूस गायब आणि पत्रे पितळेऐवजी लोखंडी असतील तर आम्ही गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगतो.

दुसरी तपासणी नाकाने. मूठ अंगठ्याने जोरात चोळून वास घ्यायचा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, जळक्या केसांसारखा आला तर शिंग, कार्बोलिकसारखा आला तर बेकेलाइट. हाडाला वास फारसा नसतो, पण भिंगाखाली त्यात काळे बारीक ठिपके आणि रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. हस्तिदंतात हे ठिपके नसतात, आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. हे ओळखणे कायद्यासाठीही गरजेचे आहे. एके काळी शेफील्डच्या चाकूंना लागणारे सांबरशिंग आपल्याच देशातून जात असे. आज हस्तिदंत, सांबरशिंग, कासवाचे कवच यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली बंद आहे. अशा मुठीचे चाकू आम्ही विकत घेत नाही आणि विकतही नाही.

सेल्युलॉइड वेगळे काढण्याचे कारण दुसरे आहे. ते कापूर आणि नायट्रोसेल्युलोजचे बनते आणि म्हातारे झाले की आम्लाची वाफ सोडू लागते. आधी पितळी पत्र्यांवर हिरवा मेणचट थर दिसतो, मग मुठीत खडीसाखरेसारख्या चिरा, मग पाते मुठीजवळच तेवढे गंजते. असा एक चाकू बंद पेटीत ठेवला तर शेजारचे चांगले चाकूही गंजतात. त्याला झाकण नसलेल्या ट्रेमध्ये, वाऱ्यावर ठेवावे. आणि त्याच्याजवळ दिवा, हीटगन, पेटती काडी काहीही आणू नये. ते भडकन पेटते.

बसलेले पाते उघडणे हे धीराचे काम आहे. गिऱ्हाइकाने पक्कड लावलेले चाकू आमच्याकडे येतात, त्यात पात्यावर दातांचे व्रण तरी असतात किंवा नखाच्या खाचेपासून पाते तुटलेले तरी. चाकू उलटा, कमान (पाते दाबून धरणारी मुठीच्या पाठीची स्प्रिंग) खाली करून धरायचा आणि सांध्यात रॉकेल सोडायचे; रॉकेल मिळत नसेल तर डब्ल्यूडी-४० चालते. चोवीस तास तसाच ठेवायचा. हाडाच्या मुठीला रॉकेल लागू द्यायचे नाही, ते आत मुरून पिवळे डाग पडतात. मग पात्याला जाड चामड्याचा तुकडा गुंडाळून हाताने एक मिलिमीटर हलवायचे, पुन्हा मिटायचे, पुन्हा तेल. सांध्यातून लालभडक चिखल येऊ लागतो. तो पुसायचा आणि पुन्हा हलवायचे. कधी कधी यात दोन दिवस जातात. पुसलेल्या फडक्यावर तेल स्वच्छ उतरले की सांधा मोकळा झाला असे समजायचे. मध्येच घाई करून पाते ताडकन उघडले तर कमान मधल्या पिनेच्या भोकाशी तडकते, आणि मग पन्नास रुपयांचे काम हजारांवर जाते.

गंज काढताना लाल आणि काळा यांत फरक करावा लागतो. लाल गंज भुसभुशीत असतो, पाणी धरतो आणि पोलाद खात जातो. तो काढलाच पाहिजे. करडा-काळा थर मात्र घट्ट बसलेला असतो आणि खालच्या पोलादाचे रक्षण करतो, शिवाय तो चाकूचे वय सांगतो. तो आम्ही ठेवतो. लाल गंजासाठी पितळेची पट्टी तिरपी घासून वापरतो: पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज खरवडला जातो आणि पाते ओरखडत नाही. त्यानंतर मशीनच्या तेलात भिजवलेली शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची स्टीलवूल, पात्याच्या लांबीच्या दिशेने. पॉलिशपेपर लागलाच तर ८०० च्या खाली जात नाही. घरी चिंच किंवा लिंबू लावून 'चकाचक' केलेले चाकू येतात तेव्हा वाईट वाटते. आम्ल काळा थरही खाते, पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात, आणि सांध्यात राहिलेले आम्ल आठवड्याभरात नवा गंज आणते.

खूपच खाल्लेले पाते असेल आणि चाकू खोललेलाच असेल तर इलेक्ट्रोलिसिस करतो. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, पाते ऋण टोकाला आणि धन टोकाला साधी लोखंडी पट्टी. स्टेनलेसची पट्टी लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. खिडकी उघडी ठेवावी, कारण हायड्रोजन निघतो. कमान मात्र या पाण्यात कधीच घालत नाही. हायड्रोजन ताणाखाली असलेल्या कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. हे आम्हाला एका प्लेटिंगच्या कारखान्यामुळे कळले. तिथून निकेल चढवून आणलेल्या तीन कमानी बसवल्यावर एका रात्रीत, कुणी हात न लावता तुटल्या. प्लेटिंगनंतर त्या लगेच भट्टीत काही तास तापवून हायड्रोजन बाहेर काढायला हवा होता, तो काढलेला नव्हता. तेव्हापासून जुन्या चाकूवर आम्ही कसलेही प्लेटिंग करत नाही.

तुटलेली कमान नव्याने करणे हा आमच्या कामाचा सगळ्यात आवडता भाग. मापाला जुनी कमान हवीच, दोन तुकडे असले तरी चालतात. स्प्रिंग पोलादाची २ ते २.५ मिलिमीटर जाड पट्टी घेऊन मऊ असतानाच कानशीने आकार द्यायचा, भोके पाडायची, भोकांच्या कडा गोल करायच्या. कड तीक्ष्ण राहिली तर तडा तिथूनच निघतो. मग लालबुंद करायचे, चुंबक चिकटायचे थांबेपर्यंत आणि त्याहून किंचित जास्त, आणि ५०-६० अंशांच्या कोमट तेलात बुडवायचे. पाण्यात बुडवले तर भोकाशी चीर जाते. बाहेर काढलेली कमान काचेसारखी ठिसूळ असते. ती घासून पांढरी करायची आणि वाळूच्या तव्यावर सारखी निळी होईपर्यंत तापवायची. वाळूमुळे रंग एकसारखा चढतो, नुसत्या ज्योतीवर टोके आधी निळी होतात आणि मधला भाग पिवळाच राहतो, म्हणजे नेमका तुटणारा भाग कडक. पिना मारण्याआधी कमानीचे मोकळे टोक जागेपेक्षा मिलिमीटरभर खाली असावे. तेवढ्या दाबाने पाते उघडताना आणि मिटताना 'टक्' असा आवाज येतो. दाब कमी पडला तर पाते लुळे, जास्त झाला तर नख तुटते.

पात्याचा डुगडुगता सांधा ही किरकोळ तक्रार, पण यातही लोक जास्त ठोकतात. मुठीच्या टोकाच्या जर्मन सिल्व्हरच्या (तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या) टोपीवर, पिनेच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके टपटप मारायचे, चाकू ऐरणीवर सपाट. पाते आणि पत्रा यांच्यामध्ये ०.१ मिलिमीटरची फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्याची) पट्टी सरकवून ठेवायची आणि काम झाल्यावर ओढून काढायची. ती नसेल तर सांधा इतका आवळतो की पाते हलतच नाही. हातोडी टोपीवरून घसरून हाडावर पडली की मूठ तडकलीच.

वर्षानुवर्षे निसून पाते अरुंद झाले की मिटल्यावर त्याचे टोक पत्र्यांच्या वर येते आणि खिशात बोट कापते. बुडाचा जो कोपरा कमानीवर टेकतो तो जरासा घासला की टोक आत बसते. एका वेळी एक दशांश मिलिमीटरच घासायचे. जास्त घासले तर धारच कमानीवर आपटते. म्हणून आम्ही कमानीवर मेणबत्तीच्या मेणाची सुतासारखी बारीक वात ठेवून चाकू हळूच मिटतो. उघडल्यावर वातीवर धारेची रेघ कुठवर उमटली ते दिसते. वात पूर्ण कापली गेली असेल तर पुढे घासायचे नाही.

मुठीसाठी शिसवी, म्हशीचे शिंग आणि उंटाचे हाड वापरतो. हाड-शिंग कसे मुरवायचे ते मिरजेच्या वाद्यकारागिरांचे काम बघून समजले. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज मुळात शिकलगार, म्हणजे शस्त्रे घासण्या-उजळण्याचे काम करणारे, त्यामुळे हे आम्हाला परके वाटत नाही. शिंगाच्या पट्ट्या सहा महिने सावलीत वजनाखाली ठेवतो. १.५ मिलिमीटरच्या पिनेला १.६ चे भोक. घट्ट भोक पाडले की पावसाळ्यात फुगलेले शिंग एप्रिलच्या कोरड्या उन्हात आक्रसते आणि पिनेपासून चिरते. अ‍ॅरल्डाइटने चिकटवत नाही, पुढच्या दुरुस्तीला मूठ काढायची तर ती फोडावी लागते. हाड घासताना धूळ छातीत जाते, म्हणून ओले घासायचे आणि तोंडावर मास्क.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्यानंतर घराघरांतून जे चाकू आले त्यांनी पाण्यातल्या चाकूंबद्दलची आमची समजूत बदलली. लोकांनी ते उन्हात वाळवले होते. नदीचा बारीक गाळ सांध्यात वाळून सिमेंटसारखा होतो आणि पाते हलवताच पितळी पत्रे खरवडतो. हवा लागताच गंजही सुरू होतो. म्हणून पुराच्या पाण्यातून निघालेला चाकू वाळवू नये. स्वच्छ पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून बुडवूनच ठेवावा, त्यात गंज मंद होतो. हाडा-शिंगाची मूठ असेल तर सोडा टाकू नये, नुसते पाणी रोज बदलावे. मग इंजेक्शनच्या सिरिंजने सांध्यात पाणी मारून गाळ काढायचा, त्यानंतर स्पिरिट, त्यानंतर तेल.

तेलाचे म्हणाल तर खोबरेल आणि शेंगतेल दोन्ही नकोत. सांध्यात ती चिकट होतात आणि धूळ धरतात. शिलाई मशीनचे तेल सांध्यात एक थेंब पुरते. फळे कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन. चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नये, चामडे ओल धरते आणि पितळेवर हिरवा थर येतो.

कलमाच्या चाकूचे काम अजूनही तितक्याच आवडीने करतो. त्याची धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट. शेतात साध्या दगडावर दोन्ही बाजूंनी घासले की सपाट बाजू फुगीर होते, काडीची पाचर सरळ कापली जात नाही, खुंट आणि काडी यांच्यात फट राहते आणि कलम सुकते. सपाट बाजू ३००० च्या दगडावर पूर्ण आडवी ठेवून फक्त कड काढायची, बाकी सगळे घासणे तिरप्या बाजूने.

खटक्याचे, म्हणजे कळ दाबताच उघडणारे, चाकू आम्ही घेत नाही. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरकाम-शेतीसाठी न बनवलेली शस्त्रे परवान्यात येतात, तीही नाहीत. कलमाचे चाकू जुलैअखेर दुकानात पोचले तर हंगामाआधी परत मिळतात. हाडाची-शिंगाची मूठ बसवायची असेल तर चाकू दिवाळीनंतर आणावा, पावसाळ्यात आम्ही मूठ बसवत नाही.